रुग्णालयांची पंचायत



वैद्यकीच्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले, ते कारखान्याच्या दारात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. त्या कामात मागणीपत्रे लिहावी लागतात, मालकांशी करार करावे लागतात, आणि कधी मध्यरात्री उठून जखमी माणसाबरोबर गाडीत बसावे लागते. आजचा विषय मला या शेवटच्या कामातून मिळाला आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला साखळीवरून निसटलेल्या लोखंडी डायखाली एका सभासदाची कंबर चेंगरली. साडेबारा वाजले होते. कारखान्याच्या टेम्पोत सतरंजी अंथरून आम्ही त्याला घातले. पहिले रुग्णालय दहा मिनिटांच्या अंतरावर होते. तेथे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर रात्री नसत. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर होते, पण रक्ताची पिशवी नव्हती. तिसऱ्या ठिकाणी खाट रिकामी नव्हती. चौथ्या ठिकाणी त्याला दाखल करून घेतले, तेव्हा चार वाजत आले होते. उजाडण्यापूर्वी तो गेला.

त्याच्या तेराव्यानंतर मी बरेच दिवस रागात होतो. राग कुणावर काढावा हे मात्र कळेना. कारण त्या रात्री भेटलेली माणसे वाईट नव्हती. पहिल्या रुग्णालयातल्या परिचारिकेने त्याच्या मांडीवर स्वतःच्या हाताने पट्टी दाबून धरली होती. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी पुढचा रस्ता कागदावर काढून दिला. पण पुढच्या दारात फोन करून “असा माणूस येतो आहे, तयार राहा” असे कुणी कळवले नाही. ते कुणाचेच काम नव्हते. गावात रुग्णालये चार होती. त्यांच्यात करार मात्र एकही नव्हता.

असा करार जगात कुठे झाला आहे काय, झाला असेल तर तो कोणी केला, कोणत्या अडचणीतून केला आणि तो टिकला कसा, हे शोधण्यात माझ्या वाचनाची पुष्कळ वर्षे गेली. त्या शोधात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अपघात, भाजणे, उंचावरून पडणे, गोळी लागणे अशा आघाताने शरीराला जी गंभीर इजा होते, तिला डॉक्टर लोक ट्रॉमा म्हणतात. अशा जखमींसाठी वेगळे रुग्णालय असावे, ही कल्पना रुजली ती कामगारांमुळे, याचा मला अभिमान वाटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांची मोडलेली हाडे जुळवणारे लोरेन्झ ब्योलर नावाचे शल्यविशारद होते. त्यांनी व्हिएन्नातील कामगार अपघात विमा संस्थेला हिशेब मांडून दाखवला की, हाड वेळीच आणि नीट जुळवले, तर जन्मभर द्यावे लागणारे अपंगत्वाचे निवृत्तिवेतन वाचते. दयेने जे झाले नसते ते हिशेबाने झाले, आणि १९२५ साली तेथे केवळ अपघातग्रस्तांसाठी रुग्णालय उघडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात तसेच रुग्णालय निघाले. दिवस असो वा रात्र, तेथे जखमीसाठी शल्यविशारदांची तुकडी हजर असे.

पण चांगले रुग्णालय बांधल्याने अर्धाच प्रश्न सुटतो. जखमी माणूस त्या दारापर्यंत पोचणार कसा, आणि वाटेतली दहा दारे त्याला अडवणार नाहीत कशावरून? हा उरलेला अर्धा प्रश्न अमेरिकेने हाती घेतला, आणि तोही फार उशिरा.

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. आदल्या एका वर्षात, म्हणजे १९६५ साली, त्या देशात १,०७,००० माणसे अपघातांत मेली होती आणि चार लाखांच्या घरात माणसे कायमची अधू झाली होती. अहवालकारांनी लिहिले की, रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकाची जगण्याची आशा शहरातल्या रस्त्यावर जखमी झालेल्या नागरिकापेक्षा अधिक आहे. त्या काळी अमेरिकेतली जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवीत. माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याचपाशी असे, एवढेच त्याचे कारण. चंद्रावर जाण्याची तयारी करणाऱ्या देशात जखमी माणूस शववाहिकेतून रुग्णालयात जात होता!

त्या अहवालाने सरकार हलले. इलिनॉय राज्याने १९७१ साली राज्यभरची ट्रॉमा केंद्रे नेमली. १९७३ साली मध्यवर्ती सरकारने कायदा करून देशाचे तीनशेच्या आसपास विभाग पाडले, आणि प्रत्येक विभागाने रुग्णवाहिका, संदेशवहन, प्रशिक्षण, रुग्णालये यांची सांगड घालावी म्हणून अनुदान दिले. परंतु अशी सांगड खरोखर जीव वाचवते काय, याचा पुरावा हवा होता.

तो पुरावा १९७९ साली पुढे आला. जॉन वेस्ट, डोनाल्ड ट्रंकी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने कॅलिफोर्नियातील दोन जिल्ह्यांची तुलना केली. सॅन फ्रान्सिस्कोत प्रत्येक गंभीर जखमीला एकाच नेमलेल्या ट्रॉमा केंद्रात नेण्याची पद्धत होती. ऑरेंज काउंटीत रुग्णालये पुष्कळ, आणि जखमीला त्यांतल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात नेण्याचा प्रघात. आपल्याला सहज वाटेल की, जवळचे ते बरे. या डॉक्टरांनी वाहन-अपघातातील मृत्यूंची कागदपत्रे तपासली, एका जिल्ह्यातील ९२ आणि दुसऱ्यातील ९०. ऑरेंज काउंटीत डोक्याची इजा सोडून इतर इजांनी जे मेले, त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोक योग्य उपचार मिळते तर वाचण्याचा संभव होता. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू सगळा मिळून एकच निघाला. एक ना धड भाराभर चिंध्या, ही आपली म्हण त्या श्रीमंत जिल्ह्याला तंतोतंत लागू पडली. ऑरेंज काउंटीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तिने हा अपमान गिळला, १९८० साली मोजकी रुग्णालये ट्रॉमासाठी नेमली, आणि पुढच्या पाहणीत टाळता येण्यासारखे मृत्यू ठळकपणे कमी झाले.

इतके सिद्ध झाल्यावर काम वेगाने पुढे जायला हवे होते. झाले उलटेच. १९८१ साली मध्यवर्ती सरकारने या कामाचे राखीव अनुदान बंद करून राज्यांना एकगठ्ठा रक्कम देण्याचे ठरवले; तिच्यातून काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे. पुष्कळ विभागांची घडी विस्कटली. वरून आलेल्या पैशावर उभी राहिलेली संस्था पैसा आटताच बसते, हा धडा आम्हा संघटनावाल्यांना नवा नाही. जी संघटना सभासदांच्या वर्गणीवर आणि दरमहाच्या सभेवर उभी असते, तीच टिकते.

आता टेक्सासकडे येऊ. हे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. जिल्हे २५४. काही भागांत मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर. १९८०च्या दशकात तेथली खेड्यांतली रुग्णालये एकामागून एक बंद पडत होती. तेव्हा ग्रामीण आरोग्यसेवा सावरण्यासाठी १९८९ साली जो मोठा कायदा झाला, त्याच्याच पोटात राज्यव्यापी ट्रॉमा-व्यवस्थेची तरतूद आली. नियम १९९२ साली तयार झाले. राज्याचे २२ विभाग पाडण्यात आले, आणि प्रत्येक विभागाला एक प्रादेशिक सल्लागार परिषद मिळाली. मी तिला पंचायत म्हणतो. या पंचायतीत मोठी रुग्णालये, लहान रुग्णालये, रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्था, डॉक्टर, परिचारिका असे सर्व बसतात. एरवी हीच मंडळी एकमेकांचे रुग्ण ओढणारी, म्हणजे बाजारातली प्रतिस्पर्धी.

पंचायतीचे पहिले काम असे की, रुग्णालयांच्या दर्जाप्रमाणे कामाची वाटणी करणे. दर्जे चार आहेत आणि ते राज्यसरकार तपासणी करून देते. पहिल्या दर्जाच्या केंद्रात चोवीस तास सर्व प्रकारची शस्त्रक्रिया होते. चौथ्या दर्जाचे खेड्यातले रुग्णालय जखमीचा श्वास आणि रक्तस्राव सांभाळते आणि त्याला तातडीने पुढे धाडते. येथे एक मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे धाडणे हा लहान रुग्णालयाचा कमीपणा समजला जात नाही. ते त्याचे नेमून दिलेले काम आहे, आणि ते किती मिनिटांत केले याची नोंद होते. आमच्या त्या रात्रीच्या पहिल्या रुग्णालयाला कुणी हे काम नेमून दिले असते, तर ती परिचारिका नुसती पट्टी दाबून उभी राहिली नसती.

दुसरे काम, कोणता जखमी कोणत्या दारात न्यायचा याचे नियम आधी ठरवणे. रक्तदाब इतका खाली असेल, श्वास इतका मंद असेल, अमुक उंचीवरून पडला असेल, तर जवळचे रुग्णालय ओलांडून थेट मोठ्या केंद्रात जायचे. हा नियम रुग्णवाहिकेतल्या माणसाच्या खिशात असतो. त्या क्षणी त्याने कुणाची परवानगी मागत बसायचे नसते. ज्या रुग्णालयाच्या दारावरून गाडी पुढे जाणार, त्याचाच प्रतिनिधी नियम करताना सभेत बसलेला असतो. म्हणून नंतर तक्रारीला जागा उरत नाही. कराराची ताकद यातच आहे. ज्याचे नुकसान होणार, त्याची सही आधी घ्यावी लागते.

तिसरे काम सर्वांत अवघड. जे जखमी दगावले, त्यांच्या कागदपत्रांचा एकत्र बसून, बंद दाराआड, परखड विचार करणे. गाडी कुठे थांबली, रक्त केव्हा मिळाले, कोणी नाही म्हटले, हे सर्व तेथे निघते. हेतू शिक्षा करण्याचा नसतो. पुढच्या जखमीसाठी नियम सुधारण्याचा असतो. आपल्याकडे अपघातानंतर चौकशी होते ती दोषी शोधण्यासाठी, आणि दोषी सापडला की फाईल बंद होते. तिसऱ्या दारातली खाट का रिकामी नव्हती, हा प्रश्न मात्र फाईलीतच राहतो.

सॅन अँटोनिओ शहराभोवतीच्या २२ जिल्ह्यांची पंचायत या बाबतीत पुढे गेलेली आहे. दूरच्या लहान रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एका ठिकाणी एकच फोन करायचा. जखमीला कोणत्या केंद्राने घ्यायचे ते तेथून ठरते. तेथील दोन प्रथम दर्जाच्या केंद्रांपैकी एक लष्करी रुग्णालय आहे, आणि तेही नागरिक जखमींना घेते. २०१८ सालापासून या पंचायतीने हेलिकॉप्टरांतून आणि नंतर रुग्णवाहिकांतूनही रक्ताच्या पिशव्या ठेवायला आरंभ केला. दूरच्या तळावर ठेवलेले रक्त वापरले गेले नाही, तर मुदत संपण्यापूर्वी ते शहरातल्या मोठ्या केंद्रात परत येते आणि तेथे उपयोगी पडते. एकट्या रुग्णालयाला हे परवडले नसते, कारण बरेच रक्त वाया गेले असते. गाव करील ते राव करील काय, असे आपण म्हणतो, त्याचा हा ताजा दाखला.

दुसरा दाखला ह्यूस्टनचा. जून २००१ मध्ये ॲलिसन नावाच्या वादळाने त्या शहरात महापूर आणला. वैद्यकीय वसाहतीची तळघरे पाण्याने भरली, वीज गेली, आणि शहरातल्या दोन प्रथम दर्जाच्या ट्रॉमा केंद्रांपैकी एक ३८ दिवस बंद राहिले. शेकडो रुग्ण हलवायचे, पण खाटा कुठे रिकाम्या आहेत हे एका ठिकाणी बसून कुणालाच सांगता येईना. त्या फजितीनंतर तेथल्या मंडळींनी आपत्तीच्या काळात सर्व रुग्णालयांचे प्रतिनिधी एका खोलीत बसतील अशी व्यवस्था उभी केली. २००८ सालच्या आयकी वादळात आणि २०१७ सालच्या हार्वी वादळात ती उपयोगी पडली. तहान लागल्यावर विहीर खणणे त्यांनी एकदा अनुभवले. पुढच्या तहानेपूर्वी विहीर तयार ठेवली.

एवढे ऐकून कुणाला वाटेल, हा गृहस्थ अमेरिकेची आरती ओवाळायला उभा आहे. तसे नाही. कामगाराच्या डोळ्याने पाहिले की या चित्रातली काळी बाजूही दिसते. पंचायतीत येणे हे टेक्सासमध्ये रुग्णालयाच्या खुशीवर आहे. पंचायत सल्ला देऊ शकते, हुकूम करू शकत नाही. रुग्णालये येतात ती मुख्यतः यासाठी की, पंचायतीत भाग घेतल्याशिवाय ट्रॉमा केंद्राचा दर्जा टिकत नाही, आणि दर्जा असला तर बिल न भरू शकणाऱ्या जखमींच्या खर्चापोटी सरकारी निधीतला वाटा मिळतो. आता तो निधी आला कुठून, ते ऐका. २००३ साली कायदा झाला की, वाहतुकीचे काही गुन्हे करणाऱ्या चालकांनी दंडाखेरीज दरसाल जादा आकार भरावा. त्यातला जवळजवळ निम्मा पैसा ट्रॉमासाठी. विम्याशिवाय गाडी चालवताना सापडला, तर वर्षाला २५० डॉलर, सलग तीन वर्षे. ऐकायला न्याय्य वाटते. पण विमा कुणापाशी नसतो? ज्याच्यापाशी पैसा नसतो त्याच्यापाशी. आकार भरला नाही की परवाना निलंबित. परवाना नाही म्हणजे कामावर जाणे नाही, कारण त्या देशात गाडीविना कामावर पोचणे कठीण. दहा लाखांहून अधिक माणसांचे परवाने या चक्रात अडकले. आणि जमलेल्या पैशातलाही बराच भाग राज्याचा ताळेबंद जुळवण्यासाठी वर्षानुवर्षे न खर्चता पडून राहिला. अखेर २०१९ साली तो कायदा रद्द करावा लागला आणि निधीसाठी दुसरे मार्ग शोधावे लागले. एका गरिबाचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्या गरिबाची रोजी बुडवायची, याला व्यवस्था कसे म्हणावे? करार कितीही चांगला असला, तरी त्याचा खर्च कुणाच्या पगारातून कापला जातो हे विचारल्यावाचून सही करू नये.

आता आपल्या देशाकडे वळतो. टेक्सासात कायदा झाला त्याच १९८९ साली, परमानंद कटारा यांच्या अर्जावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली होती. जवळच्या रुग्णालयाने पोलीस-प्रकरण म्हणून त्याला सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले, आणि तो वाटेतच मरण पावला. न्यायालयाने सांगितले की, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे; कायद्याचे सोपस्कार नंतर.

दुसरा निकाल मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो श्रमिकांच्या संघटनेने मिळवला आहे. पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचा एक सभासद ८ जुलै १९९२ रोजी मथुरापूर स्थानकावर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला. त्याला घेऊन सोबतची माणसे रात्रभर कलकत्त्यात एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरली. कुठे खाट नाही, कुठे त्या इजेवर उपचाराची सोय नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो वाचला. संघटना गप्प बसली नाही. ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ च्या निकालात न्यायालयाने त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई दिलीच, पण पुढेही सांगितले: राज्यात मध्यवर्ती संदेशवहनाची सोय असावी, म्हणजे जिथे खाट रिकामी आहे तिथेच जखमीला थेट पाठवता येईल.

हा निकाल मी वाचनालयात वाचला, तेव्हा पान उलटवण्यापूर्वी बराच वेळ थांबलो. आमच्या सभासदाच्या मृत्यूपूर्वीच तो लागला होता. न्यायालयाने जे सांगितले ते आणि टेक्सासच्या पंचायती जे करतात ते एकाच जातीचे आहे. फरक एवढाच की, निकाल कागदावर लिहिता येतो, पंचायत मात्र दरमहा भरवावी लागते.

आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या घेऊन. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यात काम करणाऱ्या डॉक्टरांना व चालकांना मी अनेकदा रात्री-अपरात्री मनोमन नमस्कार केला आहे. गाडी आली म्हणजे रस्ता सुटला. दाराचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. गाडीने कोणत्या दारात जायचे आणि त्या दाराने नाही म्हणायचे नाही, हा करार रुग्णालयांनी आपापसांत करायचा असतो.

म्हणून माझे मागणीपत्र लहान आहे. आपल्या तालुक्यातली सरकारी, विमा योजनेची, धर्मादाय आणि खाजगी रुग्णालये महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसोत. रात्री दोन वाजता कुणापाशी शल्यविशारद आहे, कुणापाशी रक्त आहे, याची खरी यादी तेथे तयार होवो. दगावलेल्या प्रत्येक जखमीचा हिशेब तेथे निर्भयपणे मांडला जावो. आणि त्या टेबलाशी एक खुर्ची जखमींच्या बाजूची असावी, म्हणजे कामगारांची, शेतमजुरांची, रस्त्यावरून चालणाऱ्यांची. टेक्सासकडून घ्यायचे ते घेऊ; चालकांच्या दंडावर चालणारा निधी घेण्याचे कारण नाही.

याला नवी इमारत लागत नाही. पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो एक गुण, की आपल्या दारात आलेला माणूस आपल्याकडून बरा होणार नसेल, तर त्याला कुठे धाडायचे हे आधी ठरवून ठेवण्याचा. त्या रात्रीची ती परिचारिका आता निवृत्त झाली असेल. तिच्या टेबलावर फोन होता, तो मला आजही आठवतो. कोणता क्रमांक फिरवायचा, एवढेच तिला कुणी सांगून ठेवले नव्हते.